घरी काडतुसं रीलोड करायची सुरुवात नाशिकमध्ये कुठून करावी?

गोदाकाठ (धागालेखक)

मंडळी, नमस्कार.

क्लबमध्ये दहा मीटर एअर रायफल बरीच वर्षं चालू आहे. यंदा आजोबांची बारा बोअरची दुनळी रीतसर वारसाहक्काने माझ्या परवान्यावर चढली. काडतुसं घ्यायला दुकानात गेलो आणि भाव ऐकून गप्प झालो.

माझा मावसभाऊ टेक्सासमध्ये असतो. तो स्वतःची काडतुसं घरीच भरतो. व्हिडिओ कॉलवर त्याने गॅरेजमधलं टेबल दाखवलं. दांड्याचा प्रेस, डाय, तराजू, पितळी पुंगळ्यांचे डबे, सगळं जागच्या जागी. एकेक काडतूस स्वतःच्या हाताने तयार करायचं आणि मग कागदावर त्याचा ग्रुप किती बारीक पडतो, म्हणजे भोकं किती जवळजवळ पडतात, ते बघायचं, हे मला मनापासून आवडलं.

त्यातच पंचवटीतल्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांची लाकडी पेटी निघाली. आत पितळी अवजारं आहेत. एक लांब दांडीचं माप आहे, त्याची तळाची पट्टी मागेपुढे सरकते आणि बाजूला आकडे कोरलेत. एक यंत्र टेबलाच्या कडेला आवळून दांडी फिरवायचं आहे. लाकडी मुठीचा एक दट्ट्या आहे. म्हणजे हे काम आपल्याकडेही घरोघरी होत असणार.

तर विचारायचं ते असं: हे आज आपल्याकडे करता येतं का? परवानगी लागत असेल तर कोणाची? साहित्य कुठून आणायचं? नाशिकमध्ये कोणी करतं का? जाणकारांनी इस्कटून सांगा.

सह्यवारा

रुमाल टाकून ठेवतो. विषय भारी आहे.

कलम_पाच

गोदाकाठ, वकिली करतो, शस्त्र परवान्याची प्रकरणं हाताखालून जातात, म्हणून आधी कायद्याचं सांगतो. बाकीचं लोक सांगतीलच.

शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. बंदूक किंवा दारूगोळा तयार करणं, विकणं, दुरुस्त करणं, त्याची चाचणी घेणं, या सगळ्याला वेगळा परवाना लागतो. तुमच्याकडे आहे तो बाळगण्याचा परवाना, म्हणजे कलम ३ खालचा. त्यावर तुम्ही कारखान्यात बनलेली काडतुसं परवानाधारक दुकानातून, परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत विकत घेऊ शकता आणि वापरू शकता. रिकाम्या पुंगळीत नवी टोपी, नवी दारू, नवे छर्रे भरलेत की दारूगोळा तयार केलात.

शिक्षाही सांगून ठेवतो. कलम ५ मोडून दारूगोळा बनवला तर कलम २५(१) लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. आधी किमान तीन होती.

घरी करू नका.

गोदाकाठ

कलम_पाच, सविस्तर उत्तराबद्दल आभार. पण मी विकणार नाही. स्वतःच्या परवान्यावरच्या बंदुकीसाठी, वर्षाला मोजकी काडतुसं. तरीही?

कलम_पाच

तरीही. कलम ५ मध्ये विक्रीसाठी बनवणं आणि स्वतःसाठी बनवणं असा फरक नाही. संख्येचाही नाही. एक भरलं तरी भरलंच. शिवाय दारूचा विषय स्फोटकांच्या कायद्यात वेगळा येतो. १८८४ चा कायदा, २००८ चे नियम, आणि ते बघणारी पेसो ही संस्था, तिचं मुख्यालय नागपूरला. दोन्हीकडून अडचण आहे.

अंबडचा_टर्नर

दादा, माझं अंबड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. आमचं रोजचं काम डाय आणि फिक्स्चरचंच आहे. दारूचं मला काही कळत नाही, पण पुंगळी परत मापात आणायची डाय म्हणाल तर कठीण नाही. ड्रॉइंग द्या, हार्डन करून, लॅप करून देतो. नुसती डाय बनवायला कोणाची हरकत असणार?

कलम_पाच

टर्नरभाऊ, थांबा. कलम २ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे त्यात काडतुसाचे सुटे भागही येतात आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे तुमच्या लेथवर निघालेली डाय कायद्याच्या नजरेत खुद्द दारूगोळ्याच्या रांगेत बसते. मेहनतीने उभा केलेला धंदा आहे, कोणी ओळखीने मागितली तरी हात जोडून नाही म्हणा.

अंबडचा_टर्नर

बापरे. हे माहीत नव्हतं. तुम्ही वेळेवर बोललात. शेजारच्या दोन-तीन वर्कशॉपवाल्यांना पण सांगतो.

ढोल्या_गणपती

धागा उघडताना वाटलं दिवाळीच्या फटाक्यांचं काहीतरी आहे. पण आता सोडवत नाही. वाचतोय.

ह्यूस्टनची_ताई

मूळची कॉलेज रोडची, आता ह्यूस्टनला. मी आणि नवरा दोघंही रीलोडिंग करतो, म्हणून इकडचं चित्र सांगते. गोदाकाठ, तुमच्या मावसभावाने टेबल दाखवलं, पण टेबलामागची शिस्त व्हिडिओत दिसत नाही.

इकडे स्वतःच्या वापरासाठी भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, प्रायमर म्हणजे बुडातली पेटवणारी टोपी, दारू आणि गोळी. यातली पुंगळी तेवढी पुन्हा पुन्हा वापरता येते आणि ती सगळ्यात महाग असते, म्हणून हा सगळा उद्योग.

नवशिक्याला सगळे सिंगल स्टेज प्रेसच घ्यायला सांगतात. दांडी एकदा ओढली की एकच काम होतं. आधी पुंगळ्या साफ करायच्या. मग प्रत्येक हातात घेऊन उजेडात बघायची. मानेला चीर आहे का? बुडाच्या थोडं वर चकचकीत पट्टा दिसतो का? दिसला तर आतून पितळ पातळ झालंय, पुढच्या बाराला तिथून तुटणार. आम्ही पेपरक्लिप सरळ करून तिचं टोक जरा वाकवतो आणि पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून वर ओढतो. खाच असेल तर टोक अडकतं, बोटाला कळतं. अडकलं की ती पुंगळी पकडीने चेपून भंगारात, म्हणजे चुकून परत डब्यात जात नाही.

मग जुना प्रायमर काढून पुंगळी मापात आणायची, लांबी वाढली असेल तर कापायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलायची, गोळी बसवायची. दारू ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम. टेबलावर एका वेळी दारूची एकच बाटली. दुसरी कपाटात, कुलपात. दोन दारू दिसायला अगदी सारख्या असतात पण जळण्याचा वेग वेगळा, आणि चुकीची दारू गेली की बंदूकच फुटते. उरलेली दारू त्याच दिवशी मूळ बाटलीत परत.

पिस्तुलाच्या काडतुसात दारू बऱ्याचदा निम्म्याहून कमी जागा घेते, म्हणजे चुकून दोनदा पडली तरी मावते आणि वरून कळत नाही. म्हणून सगळ्या पुंगळ्या इडलीपात्रासारख्या खळग्यांच्या ठोकळ्यात उभ्या ठेवतो आणि गोळ्या बसवण्याआधी टॉर्च मारून सगळीकडे दारूची पातळी एकसारखी आहे ना ते बघतो. उलटं झालं, म्हणजे दारू पडलीच नाही, तरी वाईट. नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. आवाज बारीक येतो. त्या क्षणी थांबायचं. आमच्या रेंजवर एकाने तसाच पुढचा बार टाकला आणि नळी फुगली. सुदैवाने हाताला लागलं नाही.

आणि पैसे वाचतात का? एका काडतुसामागे वाचतात. पण मग आपण दुप्पट मारतो. खर्च होता तेवढाच राहतो :)

सह्यवारा

ताई, पेपरक्लिपचं कळलं तेव्हा अंगावर काटा आला. किती बारकाईचं काम आहे हे!

तोफखाना_निवृत्त

ह्यूस्टनच्या ताईंनी शिस्तीचं लिहिलं ते शंभर टक्के खरं. माझी नोकरी तोफखान्यात गेली, देवळालीच्या स्कूलमध्येही होतो. मोठ्या तोफेचं आणि छोट्या काडतुसाचं तत्त्व एकच. दारू फुटत नाही, ती जळते. किती वेगाने जळते यावर दाब ठरतो आणि दाबावर बाकी सगळं.

लोकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट म्हणजे तापमान. तोफेचा चार्ज, म्हणजे आत भरलेली दारू, गरम असला की गोळा जास्त वेगाने निघतो, थंड असला की कमी. म्हणून आम्ही चार्जचं तापमान मोजून हिशेबात धरायचो. आता आपल्या जिल्ह्याचा विचार करा. जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली असल्याची बातमी येते, आणि एप्रिल-मेमध्ये नाशिक चाळिशीला टेकतं. थंडीत बरोबर वाटलेलं माप उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तापलं की दाब वाढवणार. कारखाना हे सगळं धरून, चाचण्या घेऊन काडतूस बाहेर पाठवतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून हेच करतोय. इतक्या वर्षांच्या यंत्रणेचं काम माळ्यावरच्या टेबलावर करायला मी स्वतः धजावणार नाही, आणि माझा हात या कामात मुरलेला आहे.

द्राक्षबाग

दिंडोरीकडून लिहितोय. आमच्या आजाकडं ठासणीची बंदूक होती, परवान्याची. रानडुकरं हाकलायला. तिला पुंगळी-बिंगळी काही नाही. तोंडातून दारू ओतायची, वर काथ्या नाहीतर कापडाचा बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, परत बोळा, परत ठासायचं. मागं निप्पलवर टोपी बसवायची. एक बार झाला की पुढच्या बारापर्यंत डुकरं दुसऱ्याच्या वावरात. आजा म्हणायचा ठासताना गज मुठीत आवळून धरायचा नाही, दोन बोटांत धरायचा, आणि तोंड बाजूला. बार अचानक उडालाच तर गज बोटांतनं निसटतो, पंजा वाचतो. पेठ-सुरगाण्याकडं अशा बंदुका अजून काही घरात परवान्यावर आहेत.

गोदाकाठभाऊंच्या पेटीतलं सरकत्या पट्टीचं माप तसंच वाटतंय.

तोफखाना_निवृत्त

द्राक्षबाग, आजोबांनी दिलेला धडा लाखमोलाचा.

ते माप काळ्या दारूचंच असणार. कोरलेले आकडे ड्रॅमचे, म्हणजे दारूच्या जुन्या मापाचे असावेत. आणि इथेच मोठा धोका आहे. काळी दारू मापाने, म्हणजे आकारमानाने भरत. धूरविरहित दारू त्याच मापाने तेवढीच भरली तर दाब कित्येक पट होतो. जुन्या बंदुका फुटण्याचं हे ठरलेलं कारण.

रानवाटा

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. कायदा आहे तो आहे, पण बरोबर आहे का? खेळाडूला मोठ्या बोअरची रायफल मारायची तर चांगली काडतुसं मिळत नाहीत, मिळाली तर परवडत नाहीत. बाहेरच्या देशात क्लबमध्ये रीलोडिंग शिकवतात. आपल्याकडे सगळ्यांना एकाच तागडीत घालून गुन्हेगार ठरवायचं? नोंदणीकृत क्लबच्या छताखाली, देखरेखीत परवानगी द्यायला काय हरकत आहे?

कलम_पाच

रानवाटा, क्लबच्या छताखाली असावं ही मागणी विचार करण्यासारखी आहे आणि ती संघटनेमार्फत गृहमंत्रालयाकडे करता येते. खेळाडूंना नियमांत काही सवलती आधीच आहेत, राष्ट्रीय पातळीवर पात्र ठरलेल्यांचा काडतुसांचा कोटा वेगळा असतो. पण नियम बदलेपर्यंत "मला वाटतं बरोबर आहे" हा न्यायालयात बचाव होत नाही. कट्टे आणि जिवंत काडतुसांचे गुन्हे राज्यात रोज दाखल होतात. तपास अधिकारी तुमच्या टेबलावर प्रेस बघेल तेव्हा तुम्ही खेळाडू आहात हे त्याला कळायला वेळ लागेल, आणि तो वेळ तुम्ही कोठडीत काढाल.

नेमबाज_आई

रानवाटा, तुमची तळमळ कळते, पण खेळाचं म्हणाल तर एक बघा. ऑलिंपिकमध्ये आज नेमबाजीचे जे प्रकार आहेत त्यात दहा मीटरला ४.५ मिमीचे छर्रे, पन्नास आणि पंचवीस मीटरला पॉइंट टू टू, आणि उडत्या चकत्यांवर मारायच्या ट्रॅप-स्कीटला बारा बोअर. तीनशे मीटरची मोठी रायफल १९७२ नंतर ऑलिंपिकमध्ये नाही. छर्रा रीलोड होत नाही. पॉइंट टू टू तर होऊच शकत नाही, कारण त्याचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेच्या आत पसरलेला असतो आणि बार करताना ती कडच चेपली जाते. ती पुंगळी एकदा वापरली की संपली.

स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, ४५१.४ गुणांवर. सरावाचे दिवस त्याने आपल्या नाशिकमध्येही काढलेत. ती सगळी काडतुसं कारखान्यातली. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, तीही कारखान्यातल्याच काडतुसांवर. आपल्या मुलांना अडवणारी गोष्ट रीलोडिंग नाही. रेंज कमी आहेत, काडतुसं आणि छर्रे महाग आहेत, आणि शाळेची हजेरी सुटत नाही, या तीन गोष्टी आहेत.

रानवाटा

ताई, मुद्दा पटला. शाळेच्या हजेरीवर तर वेगळा धागा काढायला हवा.

नेमबाज_आई

काढा, मी पहिली लिहीन.

जुनं_नाशिक

अवांतर: नेमबाजीच्या राष्ट्रीय संघटनेची स्थापना १९५१ ची, आणि त्यामागे दादासाहेब मावळणकर होते, लोकसभेचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या नावाने आजही नेमबाजीची स्पर्धा होते. आपल्या मुलांनी मावळणकर खेळलो म्हटलं की ती हीच. फार थोड्यांना माहीत असतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. कायद्याचं पूर्ण समजलं, घरी भरण्याचा विचार सोडला.

एक विचारायचं राहिलं. त्या पेटीत तळाला गंजलेला पत्र्याचा छोटा डबा आहे. आत तांब्याच्या बारीक टोप्या आहेत, काहींवर हिरवट थर चढलाय. आणि बुचाची एक बाटली आहे, पाऊण भरलेली, काळी भुकटी. इतक्या वर्षांत ती निकामी झाली असेल ना? टोप्या ब्रासोने घासून शोकेसमध्ये ठेवाव्यात असा घरच्यांचा विचार चाललाय.

तोफखाना_निवृत्त

हात लावू नका. गोदाकाठ, हे वाचलंत की पहिलं काम, त्या खोलीत कोणाला जाऊ देऊ नका. मुलं असतील तर आधी बाहेर.

जुन्या टोप्यांमध्ये पाऱ्याचं फल्मिनेट असायचं. घासलं, आपटलं, खरवडलं तर उडतं. हिरवट थर म्हणजे तांब्याला काहीतरी चढलंय, तो घासायला जाणं म्हणजे बोटं गमावणं. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते. निकामी झाली असेल हे डोक्यातून काढा. ठिणगी लागली तर ती आजही पेटेल.

बूच काढू नका. बाटली हलवून बघू नका. पाणी ओतून मोरीत सोडू नका. डबा उचलून पोलीस ठाण्यात नेऊ नका, रिक्षात तर मुळीच नाही. ११२ ला फोन करा, काय आहे ते स्पष्ट सांगा, बॉम्बशोधक पथक लागेल असं म्हणा. ते येईपर्यंत खोलीत दिवा-उदबत्ती नको.

कलम_पाच

तोफखानासाहेबांशी पूर्ण सहमत. कायद्याच्या बाजूनेही हेच योग्य. स्वतःहून कळवलं, कधी आणि कसं सापडलं ते लेखी दिलं, ही तुमची सगळ्यात भक्कम बाजू. पंचनाम्याची प्रत आणि अर्जाची पोच मागून घ्या. पेटीतली अवजारंही त्याच अर्जात दाखवा, यंत्रसामग्रीचं मघाशी लिहिलं तेच कारण. काही अडलं तर व्यनि (खासगी निरोप) करा.

ह्यूस्टनची_ताई

इथे मध्यरात्र आहे, पण तुमचं उत्तर येईपर्यंत झोप लागणार नाही. कळवा लगेच.

ढोल्या_गणपती

मीही इथेच आहे. काळजी घ्या दादा.

गोदाकाठ

सगळं नीट पार पडलं. आई आणि मुलांना शेजारी पाठवलं, ११२ ला फोन केला. आधी गस्तीचे दोघं आले, मग पथक. त्यांनी माळा रिकामा करवला आणि टोप्या व बाटली त्यांच्या पद्धतीने घेऊन गेले. पथकातल्या एकांनी डब्याचं झाकण न उघडताच, नुसता गंज बघून "हे कोणी हलवलं तर नाही ना?" असं विचारलं तेव्हा आईचा चेहरा बघवत नव्हता. पंचनामा झाला, लेखी निवेदन दिलं, पोच घेतली. अवजारंही जमा केली. सगळे सभ्यपणे वागले, कोणी उगाच दरडावलं नाही.

तोफखानाकाका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. ब्रासो खरंच आणलेला होता.

तोफखाना_निवृत्त

आभार नकोत. ज्यांच्या घरी असे माळे आहेत त्यांनी हा धागा घरात वाचून दाखवा. जुन्या नाशिकमध्ये, पंचवटीत असे बरेच माळे असतील.

जुनं_नाशिक

माझ्या मामांच्या घरी अशीच पेटी आहे. उद्याच फोन करतो. उघडायची नाही एवढं आजच सांगतो.

अंबडचा_टर्नर

गोदाकाठदादा, मोठं संकट टळलं. देव पावला.

आता ती दुनळी राहिली. इतकी जुनी बंदूक चालवण्याआधी तपासायला नको का? आमच्याकडे जुना प्रेस परत चालू करायचा तर आधी क्रॅक टेस्ट करतात.

तोफखाना_निवृत्त

टर्नर, अगदी कामाचं विचारलंत. परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यायची, परवाना सोबत घेऊन. तीन गोष्टी बघायला सांगा. एक, नळी कोणत्या पोलादाची. नळीवर बाहेरून नागमोडी नक्षी दिसत असेल तर ती पट्ट्या गुंडाळून जोडलेली जुनी नळी, तिच्यात आजची काडतुसं अजिबात नकोत. दोन, कोठीची, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची लांबी. जुन्या बऱ्याच दुनळ्यांची कोठी ६५ मिमीची असते आणि आजची काडतुसं बहुधा ७० ची. काडतूस आत जातं, म्हणून माणूस फसतो. बार उडाला की तोंडाची घडी उलगडायला पुढे जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. तीन, नळ्या मिटल्यावर सांध्यात खेळ आहे का. या तिन्हींत पास झाली तरच चालवा. नाहीतर घरची आठवण म्हणून कुलपात राहू दे.

गोदाकाठ

नक्षी आहे काका. फोटोत नागमोडी रेषा स्वच्छ दिसतात.

तोफखाना_निवृत्त

मग तिच्याकडून आता काम करून घेऊ नका.

नेमबाज_आई

गोदाकाठ, तुमचा मूळ प्रश्न मला अजून उघडाच वाटतो. तुम्हाला आवडलं ते दारू भरणं नाही, आपल्या हाताने एकसारखी गोळी निवडून तिचा ग्रुप बघणं. ते काम एअर रायफलमध्ये घरी करता येतं. वीस ज्यूलच्या आतल्या ४.५ मिमी एअर रायफलला तर शस्त्र परवानाही लागत नाही. मुलीसाठी मी हे नियमाने करते.

चांगल्या कंपनीचा मॅचचा डबा घेतला तरी सगळे छर्रे सारखे नसतात. रायफलचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा. वर्तमानपत्रावर पांढरा मऊ कपडा पसरते, डबा हळू ओतते. ज्यांची मागची झालर चेपलेली किंवा अंडाकृती झालीय ते आधी बाजूला. ते उजेडात तिरके धरले की कळतं, गोल कडेवर एका जागी चमक तुटते. मग उरलेले तोलायचे. दहा मीटरला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, १०.३ आणि १०.७ मधला फरक डोळ्याला दिसतही नाही, तिथे छर्ऱ्याचा फरक नडतो.

वजनापेक्षाही महत्त्वाचं डोक्याचं माप. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं लिहिलेलं असतं. कोणतं माप चांगलं असं नसतं, तुमच्या नळीला कोणतं मानवतं ते बघायचं. रायफल शिकंजात आवळून, हात न लावता, प्रत्येक मापाचे दहा-दहा छर्रे एकाच ठिकाणी मारायचे. ज्याचं भोक सगळ्यात लहान तो डबा तुमचा. मग त्याच लॉटचे जमतील तितके डबे घेऊन ठेवायचे.

रानवाटा

वजन करण्याचा खरंच फायदा होतो? आमचे कोच म्हणतात वेळ फुकट जातो, तेवढा वेळ ड्राय फायर करा, म्हणजे छर्रा न घालता चाप ओढायचा सराव.

नेमबाज_आई

कोचचं अर्धं खरं. शिकणाऱ्या मुलाने वजन करत बसू नये, चाप सुटताना हात स्थिर राहतो का ते आधी. ज्याची सरावातली गुणसंख्या सहाशेच्या वर दशांशात स्थिरावली, त्याच्यासाठी मात्र चेपलेले छर्रे बाजूला काढणं फायद्याचं आहेच. वजन करायचं की नाही हे तो स्वतःच्या ग्रुपवर ठरवेल.

ह्यूस्टनची_ताई

आम्हीही पुंगळ्या वजनाने लावतो, त्यामुळे हे वाचताना घरचंच वाटलं. एक जोडते, छर्रे शिश्याचे असतात. काम झालं की हात साबणाने धुवायचे, मधे चहा-बिस्कीट नाही, आणि कपडा घरच्या धुण्यात टाकायचा नाही.

गोदाकाठ

नेमबाजताई, हे मला हवं होतं ते हेच. काटा कोणता घ्यायचा? सराफ बाजारात ओळखीचे आहेत, त्यांच्याकडचा सोन्याचा काटा चालेल?

नेमबाज_आई

एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, म्हणजे ग्रॅमच्या पुढे तीन आकडे. दोन आकडेवाल्या काट्यावर सगळे छर्रे सारखेच दिसतात. पंखा बंद करून तोला, आणि काट्यासोबतच्या वजनाने आधी काटा जुळवून घ्या.

द्राक्षबाग

ताई, आमच्याकडं पोरगं आठवीत आहे, एअर रायफलचं वेड लागलंय. त्याला घेऊन आलं तर बघायला मिळंल का? दिंडोरीहून सकाळी लवकर निघू.

नेमबाज_आई

नक्की या. रविवारी साडेसातला भेटू, पत्ता दोघांनाही व्यनि करते. शिकंजा रेंजवर आहे, तिन्ही मापांचे डबे मी आणते. गोदाकाठ, शनिवारी रायफलची नळी साफ करू नका. साफ केलेल्या नळीतून पहिले बरेच छर्रे इकडेतिकडे जातात आणि मग मापांची तुलनाच होत नाही. द्राक्षबाग, मुलाला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि सपाट तळाचे बूट घालून आणा, टोपी मी देते.